चोरापुरते दारिद्र्य

दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांकडून नागरिकांना काही सूचना दिल्या जातात. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जावे, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, दूध व वर्तमानपत्र बंद करावे, घरात एखादा दिवा चालू ठेवावा आणि प्रवासाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, अशा स्वरूपाच्या या सूचना असतात. त्यांचे सार सांगायचे झाल्यास, चोराला आपल्या घराचा मोह पडू नये अशी तजवीज गृहस्थाने करावी, एवढेच सांगता येईल. सूचना देणाऱ्यांचा हेतू निःसंशय चांगला असतो आणि ऐकणारेही त्यांना मनापासून मान डोलावतात. घोडे अडते ते अंमलबजावणीपाशी. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाने घर घेतल्या दिवसापासून ते देखणे करण्यासाठी जो आटापिटा केलेला असतो, त्यात दारावरचा पितळी गणपती, दिवाणखान्यातले फॉल्स सीलिंग आणि हप्त्यांवर घेतलेला, भिंतीच्या मानाने अंमळ मोठाच झालेला टीव्ही यांचा समावेश होतो. आणि हे वैभव व्याह्यांना, भिशीच्या मैत्रिणींना व विशेषतः साडूला ठळक दिसावे, पण चोराला मात्र दिसू नये, अशी त्या कुटुंबाची रास्त अपेक्षा असते. दारिद्र्य त्याला हवे असते, परंतु ते फक्त चोरापुरते हवे असते. प्रस्तुत लेखात या अपेक्षेचा आणि तिच्यापायी होणाऱ्या खटपटींचा क्रमाने विचार केला आहे.

प्रथम व्याख्या. घरात झालेली प्रत्येक चोरी ही घरफोडी नव्हे. 1860 च्या भारतीय दंड संहितेने घरात शिरण्याचे अथवा घरातून निसटण्याचे सहा मार्ग सांगून, त्यांपैकी एखाद्या मार्गाने गृह-अतिक्रमण, म्हणजे गैरइराद्याने परक्याच्या घरात प्रवेश, करणाऱ्यास घरफोड्या ठरवले होते, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही कल्पना जवळजवळ तशीच ठेवली आहे. जुन्या संहितेतील दृष्टांत मोठे उद्बोधक आहेत. भिंतीला भोक पाडून आत हात घालणे, जहाजाच्या झरोक्यातून सरपटत शिरणे, दाराच्या भोकातून तार सारून खिटी उचलणे, मालकाने हरवलेली किल्ली सापडल्यावर तिनेच त्याचे दार उघडणे, अशी उदाहरणे तेथे शांतपणे दिलेली असून ती वाचल्यावर आपल्या दोन खोल्यांच्या घराला एवढ्या वाटा आहेत याची गृहस्थाला प्रथमच जाणीव होते. शिक्षेतही कायद्याने वेळेचा भेद केला आहे: चोरीच्या इराद्याने केलेल्या घरफोडीस दिवसा दहा वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुपारी एक ते चार हा वेळ कायद्याने सरसकट दिवसात मोजला आहे. त्या वेळी घरातली सर्व प्रौढ माणसे रात्रीपेक्षाही गाढ झोपलेली असतात हे लक्षात घेता, ही उणीव निदान पुण्यापुरती तरी दूर व्हावयास हवी होती.

घर चोराच्या नजरेला कसे दिसते, या प्रश्नाचा आपल्याकडील सर्वांत जुना आणि सविस्तर ऊहापोह कोणत्याही पोलीस पुस्तिकेत नसून शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत अवतारामुळे मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा झालेला शर्विलक हा चोर आपल्या धंद्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेला ब्राह्मण असून, भिंतीला पाडायचे भोक उमललेल्या कमळासारखे असावे, चंद्रकोरीसारखे असावे, स्वस्तिकाकृती असावे की भरल्या कुंभाच्या आकाराचे असावे याचा तो रीतसर विचार करतो, आणि मोजमापाची दोरी घरी विसरल्याचे ध्यानात येताच गळ्यातले जानवे त्या कामी लावतो. आत शिरल्यावर त्याला मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या दिसतात व आपण एखाद्या नाट्याचार्याच्या घरात तर शिरलो नाही ना, अशी शंका त्याला येते. माणूस खरोखर गरीब आहे की त्याने धन पुरून ठेवले आहे, हे ठरवण्यासाठी तो जमिनीवर मंतरलेले बी टाकून पाहतो. ते फुगत नाही, तेव्हा गृहस्थ खराच दरिद्री आहे अशी खात्री पटून तो परत निघतो. येथपर्यंत त्या गृहस्थाचे, म्हणजे नाटकाचा नायक चारुदत्त याचे, घर चोरापासून सुरक्षित राहण्याचा आदर्श नमुना ठरते. परंतु त्याच क्षणी झोपेत बरळणारा त्याचा मित्र मैत्रेय ‘हे घे बाबा’ अशा आविर्भावात नायिका वसंतसेनेने ठेवायला दिलेले दागिने स्वतःच्या हाताने, वर शपथ घालून, चोराच्या स्वाधीन करतो. जाग आल्यावर चारुदत्त आधी भोकाच्या कारागिरीचे कौतुक करतो आणि चोर रिकाम्या हाताने गेला नाही हे कळल्यावर समाधान पावतो. यावरून दोन सिद्धान्त निघतात: पुस्तके आणि वाद्ये यांनी भरलेले घर चोराला निराश करते, आणि घरात एक मैत्रेय असला की त्या निराशेचा काही उपयोग होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरात पुस्तकांखेरीज काही नाही ही गोष्ट चोरांच्या ध्यानी आलेली दिसते. रद्दीवाल्याच्या तर ती केव्हाच आलेली आहे.

चारुदत्ताजवळ दाखवण्यासारखे काही नव्हते. आजच्या गृहस्थाची पंचाईत याच्या उलट आहे. नव्या सदनिकेची वास्तुशांत हा त्या दृष्टीने अभ्यसनीय प्रसंग होय. सत्यनारायणाचा प्रसाद घेतलेल्या पाहुण्यांना तुकड्यातुकड्यांनी घर दाखवण्याची पद्धत आहे. स्वयंपाकघरातील ट्रॉल्या ओढून झाल्या, न्हाणीघरातील गरम-गार पाण्याचा एकच नळ दोन्ही बाजूंना फिरवून झाला, की मिरवणूक मुख्य शयनगृहात येते आणि कपाट उघडले जाते. येथे गृहस्वामिनीचा आवाज एकदम खाली येतो, परंतु उत्साह वाढतो.

“आणि हा बघा चोरकप्पा! साड्यांच्या मागची ही फळी दाबली ना, की सरकते. कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

“दाबून बघू का?” असे एखादी जाऊ विचारते आणि तिला दाबून पाहू दिले जाते. त्यानंतर तिची मुले दाबून पाहतात, मुलांचे मित्र दाबून पाहतात, आणि शेवटी मठ्ठ्याचे पिंप उतरवायला आलेला केटररचा पोरगाही गर्दी कशाची म्हणून डोकावतो व ‘भारी आहे’ असे प्रशस्तिपत्र देऊन जातो. ज्या सुताराने तो कप्पा केला, त्यानेच त्या इमारतीतील प्रत्येक घरात, प्रत्येक कपाटात, डावीकडून दुसऱ्या खणामागे तसाच कप्पा केलेला असतो, कारण पहिल्याचा पाहून बाकी सर्वांनी “आम्हाला अगदी तस्साच पाहिजे” असा आग्रह धरलेला असतो. गुप्ततेतही शेजाऱ्याच्या मागे राहायचे नाही, हे मराठी गृहस्थाचे ब्रीद आहे.

चोरकप्प्यानंतरचा विषय कुलपाचा. जुन्या वाड्यांचा बंदोबस्त निराळ्या तत्त्वावर आधारलेला होता. वाड्याच्या अवजड दारात दिंडी, म्हणजे मोठ्या दाराच्या पोटात बसवलेले छोटे दार, असे आणि आतून अडसर, म्हणजे भिंतीतील खाचेत सरकणारा जाड लाकडी दांडा, लावला जाई. त्यामुळे येणाऱ्याला दिंडीतून आधी डोके आत घालावे लागे, आणि त्या अवस्थेत माणसाला ना हत्यार चालवता येते, ना आब राखता येतो. पुढे लोखंडी कुलपांचे युग आले. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि त्याच घराण्याच्या ‘नवताल’ने मध्यमवर्गाच्या मनात अढळ स्थान मिळवले. नवतालाच्या पोटात अनेक तरफा असतात. तरफ म्हणजे अशी पट्टी, की जी किल्लीने नेमक्या उंचीवर उचलल्याखेरीज कुलपाचा दांडा मागे सरत नाही, आणि त्या सगळ्या पट्ट्या एकाच वेळी नेमक्या उचलणे हे बिनकिल्लीच्या माणसाला फार अवघड जाते. या कुलपाविषयी गृहस्थ इतका निश्चिंत असतो, की ते ज्या कोयंड्यात अडकवलेले असते त्याच्याकडे पाहण्याचे त्याला कधी सुचत नाही.

कोयंडा म्हणजे चौकटीवर ठोकलेली, कडी अडकवण्याची लोखंडी आकडी. तिच्याकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते, की तिच्या चार भोकांपैकी एकात स्क्रूच नाही, दुसऱ्यातला गंजला आहे, तिसऱ्याचे डोके ऑइलपेंटच्या थरांखाली बुजले आहे आणि चौथा अर्ध्या इंचाचा स्क्रू वाळवीने आतून पोखरलेल्या लाकडात निव्वळ सवयीने उभा आहे. कुलपातल्या तरफांचे सारे सामर्थ्य त्या एका स्क्रूवर टांगलेले असते. चोराला हे ठाऊक असल्यामुळे तो कुलपाच्या वाटेला जातच नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द हमखास येतात ते यामुळेच. पंचनाम्याच्या वेळी उपटलेल्या कोयंड्यासह जमिनीवर पडलेले कुलूप मात्र पूर्णपणे शाबूत आढळते. कुलूप घेताना दुकानात होणारा संवाद या संदर्भात नमूद करण्याजोगा आहे.

“सगळ्यात भारी कुलूप दाखवा.”

“दाखवतो, पण साहेब, आधी कोयंड्याला अडीच इंची स्क्रू मारून घ्या. कुलपापेक्षा ते महत्त्वाचं.”

“ते राहू द्या हो. हे पितळी केवढ्याला?”

स्क्रू लाकडात जातो आणि दिसेनासा होतो. पितळी कुलूप मात्र जिन्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. निवड कशाची होणार हे उघड आहे. शिवाय बाहेर लोंबणारे एवढे मोठे कुलूप ‘घरात कुणी नाही आणि घरात काहीतरी आहे’ ही दोन्ही वर्तमाने एकदमच जाहीर करते.

यावर उपाय म्हणून लॅच आले. लॅच म्हणजे दार ओढून घेतले की आपोआप बसणारे कुलूप. त्याच्यामुळे घर बंद आहे की माणूस आत आहे हे बाहेरून कळत नाही. तत्त्व उत्तम आहे, परंतु चोराला बाहेर ठेवण्यापूर्वी ते घरमालकालाच बाहेर ठेवते, असा अनुभव आहे. सकाळी दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलण्यासाठी पंचा नेसून एक पाऊल बाहेर टाकलेल्या गृहस्थामागे वाऱ्याने दार बंद होते आणि किल्ल्यांचा जुडगा आत टीव्हीवर राहतो. मग चौकातल्या किल्लीवाल्याला बोलावणे धाडले जाते. तो येतो, पत्र्याची एक पट्टी फटीत सारतो, दाराला खांदा लावतो आणि शेजारी चहा टाकीपर्यंत दार उघडतो.

“इतक्या लवकर?” मालकाच्या स्वरात आनंदापेक्षा धास्ती अधिक असते.

“काका, ही लॅचं सोपीच असतात. माझ्याकडे चांगलं आहे, बसवून देऊ का?”

काका ते बसवून घेतात. यानंतर सेफ्टी डोअर म्हणजे मूळ दाराबाहेरचे जाळीचे दुसरे दार, वर-खाली टॉवर बोल्ट, साखळी आणि दाराचे भिंग अशी भर पडत जाते, रात्री झोपण्यापूर्वी हे सर्व लावण्याचा विधी आजोबांकडे सोपवला जातो आणि ते पथारीवर पडल्यावर “वरची खिट्टी लावली का?” या प्रश्नासाठी त्यांना पुन्हा उठवले जाते. इतक्या तयारीनिशी समोरचे दार बंद झाल्यावर संडासाच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या, ज्या हाताने एकेक सरकवून काढता येतात, त्या तशाच राहतात. त्यांना ग्रिल लावायचे असते, परंतु ती बाजू डक्टात असल्यामुळे कोणाला दिसत नाही.

याच महाराष्ट्रात, अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे, जेथे शनिदेवाच्या भरवशावर घरांना दारेच न बसवण्याची परंपरा आहे. फार तर कुत्री आत येऊ नयेत म्हणून चौकटीला एखादी फळी टेकवून ठेवतात. युको बँकेने 2011 मध्ये तेथे शाखा उघडली तेव्हा या परंपरेचा मान राखून काचेचे दार बसवले. दर्शनाला गेलेली शहरी मंडळी ही दाराविना घरे भक्तिभावाने पाहतात, छायाचित्रे काढतात आणि वाहनतळावर आपल्या गाडीचे दार नीट लागले आहे की नाही हे दोनदा ओढून पाहून मगच देवासमोर हात जोडतात.

कुलूप आले की किल्ली आली, आणि किल्ली आली की ती ठेवण्याची जागा आली. मराठी घराची जादा किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, चपलांच्या स्टँडमधील बुटात, विजेच्या मीटरच्या पेटीवर अथवा दाराच्या चौकटीवरील धुळीत असते. या जागा गुप्त आहेत, अशी सर्वांची समजूत आहे, आणि प्रत्येक जण त्या गुप्ततेचा भंग खालच्या अंगणातून तिसऱ्या मजल्याकडे मान वर करून करतो: “किल्ली बुटात ठेवलीये गं! उजव्याऽऽ!” हे ऐकून ज्या घरांचा त्या किल्लीशी काहीही संबंध नसतो, त्यांच्याही ती लक्षात राहते.

घरातल्या घरात वस्तू लपवणे ही यापुढची पायरी. तिजोरी ठेवणे शोभेचे नसल्यामुळे आणि स्टीलच्या कपाटाची किल्ली कपाटाच्याच डोक्यावर ठेवण्याची रूढी असल्यामुळे दागिने धान्याच्या डब्यात हलवले जातात. तांदूळ, तूरडाळ आणि गहू यांच्या डब्यांचा वापर या कामी पिढ्यानपिढ्या होत आला असून चोरालाही आई होती व तिच्याही घरी तांदळाचा डबा होता, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. या पद्धतीत चोराहून मोठा धोका घरच्यांकडून संभवतो. सासूबाईंनी गव्हात पुरलेल्या पाटल्या सुनेने दळणाबरोबर गिरणीत पाठवल्या आणि गिरणीवाल्याने “वहिनी, दगड आलेत गव्हात” असा निरोप पाठवला, अशा तऱ्हेच्या घटना ज्या कुटुंबात घडलेल्या नाहीत, ते कुटुंब विरळा. जुन्या इरकलीच्या घडीत ठेवलेल्या नोटा बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या मोबदल्यात घासाघीस करून मिळवलेले स्टीलचे पातेले स्वयंपाकघरात अभिमानाने मांडले जाते. कालांतराने वस्तू कोठे ठेवली हे ठेवणाऱ्यालाही आठवेनासे होते आणि मग “ठेवलंय इतकं जपून, की सापडतच नाही” हे वाक्य उच्चारले जाते. घरातील माणसांना जी वस्तू वर्षभर सापडली नाही ती चोराला दहा मिनिटांत सापडते, ही बाब चोराच्या बुद्धिमत्तेची द्योतक मानावी की पसाऱ्याची, याविषयी मतभेद आहेत.

म्हणून बँकेचा लॉकर. येथेही शास्त्र समजून घेणे इष्ट होय. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत मर्यादित आहे. आत काय ठेवले आहे हे बँकेला ठाऊक नसते आणि ते सांगण्याची ग्राहकाचीही इच्छा नसते, त्यामुळे हा हिशेब भाड्यावरून केला जातो. खरी अडचण हिशेबाची नसून सणावारांची असते. दिवाळीत घरफोड्या वाढतात म्हणून दागिने लॉकरमध्ये ठेवावेत असे पोलीस सांगतात, आणि दिवाळीत घालायचे म्हणून ते त्याच आठवड्यात लॉकरमधून बाहेर काढले जातात.

“अहो, लॉकरमध्येच ठेवायचे तर केले कशाला?”

“आणि घालून मिरवल्यावर चोर आला तर?”

“यायला त्याला आपल्या घरी काय आहे?”

हा युक्तिवाद ऐकून नवरा निरुत्तर होतो. दागिने घरी येतात, पाडव्याला घातले जातात, भाऊबीजेला पुन्हा घातले जातात आणि बँक उघडेपर्यंत तांदळाच्या डब्यात जातात, जेथे लॉकरची किल्ली आधीपासूनच असते.

प्रवासाला निघताना पाळावयाच्या गुप्ततेचे स्वरूप तर विशेष चिंतनीय आहे. घर बंद असल्याचे कोणाला कळू नये, यासाठी ते प्रथम दूधवाल्याला सांगावे लागते, मग पेपरवाल्याला, धुणे-भांड्याच्या मावशींना, इस्त्रीवाल्याला, झाडू मारणाऱ्याला, कुरिअर घेऊन ठेवण्यासाठी वॉचमनला आणि पाण्याची मोटर चालू करण्याची पाळी बदलून घेण्यासाठी सोसायटीच्या सचिवांना. प्रत्येकाला सांगताना “कुणाला बोलू नका बरं का” ही पुस्ती जोडली जाते, आणि प्रत्येक जण ती पुढच्याला सांगताना तशीच जोडतो. शिवाय दिवाणखान्यातला दिवा चालू ठेवण्याची सूचना इतक्या निष्ठेने पाळली जाते, की तो दिवा भर दुपारी बाराच्या उन्हातही बाल्कनीच्या काचेतून जळताना दिसतो व घरात कोणी नाही याची खात्री, वर्तमानपत्रांच्या ढिगाशिवायही, पटते. एवढे करून कुटुंब विमानतळावर पोचते आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेतून सहाही जणांचे हसरे छायाचित्र ‘चलो काश्मीर, दहा दिवस नो टेन्शन’ या मथळ्यासह कुटुंबाच्या, शाळासोबत्यांच्या, सोसायटीच्या आणि जुनी गाडी विकण्यासाठी काढलेल्या व अद्याप बंद न केलेल्या अशा सर्व व्हॉट्सॲप गटांवर प्रसिद्ध होते. काश्मीरला जाऊन ते साडूला कळू द्यायचे नाही, ही अट सोसण्यापेक्षा चोरी परवडली, असा या वर्तनाचा अर्थ लावावा लागतो.

आधुनिक उपायांत सीसीटीव्हीचा क्रमांक पहिला. कॅमेरा जे पाहतो ते डीव्हीआर नावाच्या पेटीत साठते. आणि ही पेटी बहुधा कॅमेऱ्याच्या खालीच, वॉचमनच्या टेबलावर ठेवलेली असल्यामुळे चोर जाताना तीही घेऊन गेल्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. ती शिल्लक राहिल्यास चित्रीकरणाचे सामुदायिक अवलोकन होते. टोपी घातलेली एक धूसर आकृती जिन्यावरून जाताना दिसते; ती आकृती खजिनदारांसारखी दिसते यावर सर्वांचे एकमत होते, खजिनदार रागावतात आणि तपास तेथे थांबतो. एरवी याच कॅमेऱ्यांचा उपयोग कचरा कोणी टाकला, कोणाकडे रात्री उशिरा कोण आले आणि दुसऱ्याच्या जागेत गाडी कोणी लावली, हे पाहण्यासाठी नियमितपणे होतो. चोरी झाल्यावर श्वानपथकही येते. ते कुत्रे वास घेत जिना उतरते, फाटकाबाहेर पडते आणि मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथे घुटमळते. चोर तेथून वाहनाने पसार झाला असावा, असा निष्कर्ष वृत्तपत्रात छापला जातो.

पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून देताना संसाराचे एक नवे दालन उघडते. चोरीपूर्वी ‘आमच्याकडे काय आहे हो, दोन बांगड्या’ असे म्हणणाऱ्या बाईंच्या मुखातून हवालदारांपुढे तोडे, गोठ, मोहनमाळ, ठुशी, चपलाहार अशी यादी अखंड बाहेर पडू लागते आणि शेजारच्या खुर्चीवरचे यजमान हळूहळू पांढरे पडतात.

“चपलाहार? हा कधी केलास?”

“तुमच्या बोनसमधून. तुम्हीच म्हणाला होतात, तुला काय करायचं ते कर.”

“मी मिक्सरबद्दल म्हणालो होतो.”

हवालदार पेन थांबवून “लिहू का?” असे विचारतात. अशा रीतीने चोरापासून लपवून ठेवलेली संपत्ती चोराला आधी आणि नवऱ्याला नंतर कळते.

आता उरला तो शेजार. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी 1979 मध्ये असा सिद्धान्त मांडला, की चोरीसारखा गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एका जागी व एका वेळी जमाव्या लागतात: करण्याची इच्छा असलेला माणूस, नेण्याजोगी वस्तू आणि सक्षम राखणदाराचा अभाव. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दिवसा ओस पडू लागलेली घरे आणि उचलून नेण्याइतक्या हलक्या झालेल्या महागड्या वस्तू यांचा घरफोड्यांच्या वाढीशी त्यांनी संबंध जोडला. सक्षम राखणदार म्हणजे पोलीसच असे नव्हे. जिच्या नुसत्या हजेरीने चोराचा बेत फिसकटतो अशी कोणतीही व्यक्ती, असा त्या संज्ञेचा अर्थ आहे. हा सिद्धान्त मुंबईच्या बीडीडी चाळीत मांडला गेला असता तर तिसरी अट लिहिण्याचे कोणाला सुचलेही नसते. तेथील खोली 160 चौरस फुटांची, दारे समोरासमोर आणि दिवसभर उघडी, आणि प्रत्येक मजल्यावर दारात तांदूळ निवडत बसलेल्या एक तरी काकू. अनोळखी माणूस जिना चढून आला, की सुपातली नजर वर न करता प्रश्न सुटत.

“कोण पाहिजे?”

“ते... जोशी.”

“कुठले जोशी? बँकेतले की दम्याचे?”

“बँकेतले.”

“ते आत्ता नसतात. तुम्ही त्यांचे कोण? काल संध्याकाळी पण तुम्हीच आला होतात ना, निळा शर्ट घालून?”

एवढ्या चौकशीनंतर चोरच काय, जोशांचा सख्खा भाऊही परत जाई. या राखणदाराला पगार नव्हता, सुट्टी नव्हती आणि तिची स्मरणशक्ती कोणत्याही पेटीत साठवलेली नसल्यामुळे ती चोरून नेता येत नव्हती. परंतु याच काकूंना कंटाळून माणसे चाळ सोडून सदनिकांत गेली, कारण त्या पगार विचारीत, पाहुणे मोजीत आणि नव्या साडीची किंमत दुकानासह जाणून घेत. सदनिकेत दार लावून घेण्याचे सुख मिळाले. समोरच्या दारावरील पाटीवरचे नाव सात वर्षांत वाचायचे राहून गेले. आणि त्यानंतर काकू जे फुकट करीत होत्या ते करण्यासाठी कॅमेरे, वॉचमन, फाटकावरची नोंदवही आणि ‘पाहुणा आला आहे, सोडू का?’ असे विचारणारे मोबाइल ॲप यांवर दरमहा वर्गणी भरली जाऊ लागली. ॲपवर येणारा हा प्रश्न दुपारच्या झोपेत न वाचताच ‘हो’ म्हणून मोकळा केला जातो. काकूंना असे उत्तर देऊन सुटका होत नसे.

निष्कर्ष असा, की दिवाणखान्यातली श्रीमंती पाहुण्याला दाखवून तीच चोरापासून झाकणारा पडदा अद्याप कोणत्याही दुकानात आलेला नाही, आणि तो येईपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे नाही. वाचकांनी कोयंड्याला अडीच इंची स्क्रू मारून घ्यावेत, संडासाच्या खिडकीला ग्रिल बसवावे, चोरकप्पा पाहुण्यांना दाखवू नये, काश्मीरची छायाचित्रे परत आल्यावर टाकावीत आणि जादा किल्ली बुटाऐवजी शेजारी द्यावी. शेजारीण कुठे चाललात, किती दिवस आणि तिकीट केवढ्याला पडले असे विचारील, तेव्हा तिला टाळू नये. तिकिटाची किंमत थोडी वाढवून सांगितली तरी चालेल. परतीची तारीख मात्र खरी सांगावी.